नाव तेच, माणूस दुसरा!

पाटीवरचं नाव खरं, भिंतीवरची पदवीही खरी. पण ती पदवी समोर बसलेल्या माणसाचीच आहे, हे कशावरून? एकाच नावाची शेकडो माणसं असलेल्या देशात परवाना, सनद आणि रेकॉर्ड सांभाळण्याची ही गोष्ट.

साल 1968. मेक्सिको ऑलिम्पिकसाठी निघालेल्या भारतीय हॉकी संघाची यादी पहिल्यांदा वाचणारा नक्कीच चक्रावला असेल. बलबीर सिंग, बलबीर सिंग आणि पुन्हा बलबीर सिंग! छपाईची चूक नव्हती ती. एकाच संघात एकाच नावाचे तिघे खेळाडू होते. एक पंजाब पोलिसांचा, दुसरा रेल्वेचा, तिसरा सेनादलाचा. नोकरी कुठे करतो, हीच त्यांची ओळख. रेडिओला कान लावून बसलेल्यांची काय तारांबळ उडाली असेल, ते त्यांनाच ठाऊक!

आणि ज्यांचं नाव घेताच जुने लोक आजही कानाची पाळी पकडतात, ते बलबीर सिंग या तिघांहून वेगळे. 1948, 1952 आणि 1956 अशी लागोपाठ तीन ऑलिम्पिक सुवर्णपदकं मिळवणारे, हेलसिंकीच्या अंतिम सामन्यात हॉलंडविरुद्ध भारताच्या सहा गोलांपैकी पाच एकट्याने मारणारे. पुढे बलबीरांची एवढी गर्दी झाली, की त्यांच्या नावामागे ‘सीनियर’ लागलं ते कायमचंच. 2020 मध्ये ते गेले, तेव्हाच्या बातम्यांतही ‘बलबीर सिंग सीनियर’ असंच छापून आलं.

क्रिकेटवाल्यांना दुसरी जोडी आठवेल. त्रिनिदादमध्ये जन्मलेला, चेन्नईत राहिलेला, जीव तोडून क्षेत्ररक्षण करणारा अष्टपैलू रॉबिन सिंग सगळ्यांच्या ओळखीचा. एकदिवसीय सामने तो 136 खेळला, कसोटी मात्र एकच, ऑक्टोबर 1998 मध्ये हरारेला. त्यानंतर जेमतेम तीन महिन्यांनी, जानेवारी 1999 मध्ये हॅमिल्टनला न्यूझीलंडविरुद्ध दिल्लीचा एक वेगवान गोलंदाज भारताकडून कसोटी खेळला. त्याचंही नाव रॉबिन सिंग! त्याच्याही वाट्याला ती एकच कसोटी आली. आता विक्रमांच्या पुस्तकात एकाच्या नावापुढे दोन कसोट्या लागायला कितीसा वेळ? पण लागल्या नाहीत. आकडेवारीवाल्यांनी एकापुढे ‘ज्युनियर’ लिहिलं आणि प्रश्न मिटवला.

खेळाडूचं एक बरं असतं. हजारो डोळे त्याच्यावर असतात, त्यामुळे चूक झाली तरी कुणीतरी पकडतंच. दवाखान्याच्या बंद दाराआड, कोर्टाच्या गर्दीत किंवा सी.ए.च्या सहीखाली मात्र बघणारा एकटा असतो आणि तोही बहुधा घाईत. तिथे नावाची गफलत झाली, तर पैशाचं जातं, अब्रूचं जातं. कधी जिवावरही बेततं.

लंडनचे डॉक्टर आणि दमोहचे ‘डॉक्टर’

मध्य प्रदेशातलं दमोह हे जिल्ह्याचं गाव 2025 च्या एप्रिलमध्ये देशभर गाजलं. तिथल्या एका खासगी रुग्णालयात हृदयरोगतज्ज्ञ म्हणून काम करणाऱ्या माणसाच्या हातून उपचार घेतलेले सात रुग्ण दगावले, अशी तक्रार झाली. प्रकरण राष्ट्रीय मानवाधिकार आयोगापर्यंत पोचलं, चौकशीची चक्रं फिरली आणि पोलिसांनी त्याला प्रयागराजहून अटक केली. त्याच्याकडची कागदपत्रं बनावट असल्याचा आरोप आहे.

सगळ्यांचं लक्ष वेधलं ते त्याने लावलेल्या नावाने. एन. जॉन कॅम! हृदयरोगाच्या क्षेत्रात जॉन कॅम हे नाव जगभर आदराने घेतलं जातं. पण ते लंडनच्या प्राध्यापकांचं. ते ए. जॉन कॅम. आडनाव तेच, मधलं नाव तेच, फरक एका आद्याक्षराचा. संगणकावर ‘जॉन कॅम’ शोधलं, की लंडनच्या प्राध्यापकांचे शोधनिबंध आणि सन्मान धडाधड समोर येणार. बघणारा दिपून जाणार. मग समोरच्या माणसाला ‘तुमचा नोंदणी क्रमांक काय?’ असं विचारायचा धीर कुणाला होणार?

खरं तर तोच एक प्रश्न विचारायला हवा. भारतात डॉक्टरकी करायची, तर पदवी पुरत नाही. राज्याच्या वैद्यकीय परिषदेच्या रजिस्टरमध्ये नाव चढावं लागतं आणि त्याबरोबर एक क्रमांक मिळतो. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे 2002 चे नियम स्पष्ट सांगतात, की हा क्रमांक दवाखान्यात दिसेल असा लावायचा आणि औषधाच्या चिठ्ठीवर, दाखल्यावर, पैशाच्या पावतीवरही लिहायचा. घरातली एखादी जुनी चिठ्ठी काढून पाहा. डॉक्टरांच्या नावाखाली बारीक अक्षरात काही आकडे सापडतील. आपण ते फोन नंबर समजून सोडून देतो!

पण इथे एक मेख आहे, आणि ती फारशी कुणाला माहीत नसते. हा क्रमांक राज्याच्या परिषदेने दिलेला असतो. महाराष्ट्रात एका डॉक्टरचा जो क्रमांक, तोच कर्नाटकात दुसऱ्याचा आणि बिहारमध्ये तिसऱ्याचा असू शकतो. नुसता आकडा सांगून भागत नाही. परिषद कोणती आणि नोंदणी कोणत्या वर्षाची, हेही हवं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या संकेतस्थळावर देशाचं जे रजिस्टर बघता येतं, त्यात डॉक्टरच्या नावाबरोबर वडिलांचं नाव, परिषद, नोंदणीची तारीख, पदवी आणि विद्यापीठ अशी माहिती मिळते. ती सगळी जुळली, तर माणूस तोच. शिवाय हे रजिस्टर ॲलोपॅथीवाल्यांचं. आयुर्वेद, होमिओपॅथी आणि दातांचे डॉक्टर यांच्या परिषदा निराळ्या, त्यांची रजिस्टरंही निराळी. वैद्यांचं नाव इथे सापडलं नाही म्हणून त्यांना भोंदू ठरवू नका!

देशात नोंदणी झालेले ॲलोपॅथीचे डॉक्टर 13 लाखांहून अधिक. त्यात पाटील, शर्मा, रेड्डी आणि खान किती असतील, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. म्हणूनच 2023 च्या नियमावलीत प्रत्येक डॉक्टरला देशभर चालेल असा एकच स्वतंत्र क्रमांक देण्याचं ठरलं आणि ऑगस्ट 2024 मध्ये त्यासाठीचं राष्ट्रीय रजिस्टर आधार क्रमांकाशी जोडून सुरूही झालं. पहिल्या वर्षात त्याची चाल कासवाची राहिली, ही गोष्ट वेगळी. ब्रिटनमध्ये जनरल मेडिकल कौन्सिलचा सात आकडी क्रमांक टाकला, की डॉक्टरवर कारवाई झाली होती का, हेसुद्धा घरबसल्या कळतं. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेनेही 2025 मध्ये दवाखान्यांत क्यूआर कोड लावण्याची योजना आणली. मोबाईल समोर धरायचा आणि डॉक्टरची नोंद बघायची.

आजोबांचं नाव, नातवाची पंचाईत

नावं जुळण्याचं प्रमाण आपल्याकडे इतकं का? एक कारण आपल्याच घरात आहे. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची आपली जुनी रीत. समजा, आजोबा विनायक गणेश. त्यांचा मुलगा गणेश विनायक. आणि नातू? पुन्हा विनायक गणेश! आडनाव एक, गाव एक, कित्येकदा दवाखानाही तोच. वडिलांचं नाव लावल्यावर माणूस वेगळा ओळखू येतो, हा आपला समज इथे साफ उताणा पडतो. आजोबांच्या नावाची पाटी नातवाने काढलीच नाही, तर रस्त्यावरून जाणाऱ्याला कळायचं कसं? भावनेच्या दृष्टीने ठीक आहे हो, पण रजिस्टरमध्ये दोघांच्या नोंदी वेगळ्या असतात आणि आजोबांचा क्रमांक आजोबांबरोबरच संपतो.

दुसरी गंमत इंग्रजी स्पेलिंगची. देवनागरीत ‘चौधरी’ एकच, पण इंग्रजीत तो किमान चार-पाच प्रकारे लिहिला जातो. दीक्षितांचंही तेच. त्यामुळे रजिस्टरमध्ये शोधताना एक स्पेलिंग टाकून ‘नाव नाही’ असं आलं, तरी लगेच पोलिसांत धावू नये. सगळी स्पेलिंगं टाकून पाहावीत, नाहीतर सरळ क्रमांक टाकावा.

महाराष्ट्राबाहेर गेलेल्या मराठी कुटुंबांचा ताप आणखी वेगळा. गुजरातेत आडनाव आधी लिहायची आणि नावाला ‘भाई’ किंवा ‘बेन’ जोडायची पद्धत. बडोद्यात वाढलेल्या मराठी माणसाच्या शाळेच्या दाखल्यावर तो ‘भाई’ असतो, पुण्याहून घेतलेल्या पदवीवर नसतो. दक्षिणेत आडनावाऐवजी आद्याक्षरं. पासपोर्ट काढताना त्यांचा विस्तार करावा लागतो आणि मग एकाच माणसाची दोन नावं तयार होतात. परदेशी निघालेल्या नर्सेसना हे चांगलं ठाऊक आहे. नर्सिंगच्या प्रमाणपत्रावर एक नाव, पासपोर्टवर दुसरं. मग नोटरीपुढे ‘ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत’ असं ॲफिडेव्हिट करायचं आणि ते सगळीकडे मिरवायचं. एका नावाची दहा माणसं हा एक त्रास, तर एका माणसाची दोन नावं हा त्याचाच जुळा भाऊ!

आणि या त्रासाचा सगळ्यात मोठा वाटा कुणाच्या पदरात पडतो, हे सांगायलाच हवं का? बायकांच्या! मुलगी एम.बी.बी.एस. होते तेव्हा माहेरचं नाव. परिषदेत नोंदणी त्याच नावाने. मग लग्न होतं, आडनाव बदलतं, वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं येतं, काही घरांत तर स्वतःचं नावही बदलतं. दवाखान्यावर पाटी लागते सासरच्या नावाची. आता एखाद्या जागरूक पेशंटने रजिस्टरमध्ये तिचं पाटीवरचं नाव शोधलं, तर काय दिसणार? अशी कुणी डॉक्टरच नाही! पाच-सहा वर्षं रात्रीचा दिवस करून मिळवलेली पदवी, आणि ठपका मात्र बोगसगिरीचा.

यावर उपाय आहे. लग्नाचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद, ज्याला आपण ‘गॅझेट करणं’ म्हणतो, ती जोडून परिषदेकडे अर्ज करायचा आणि रजिस्टरमधलं नाव बदलून घ्यायचं. क्रमांक मात्र तोच राहतो. दुसरा मार्ग अधिक सोपा, आणि अनेक डॉक्टर व वकील बायका आता तोच पत्करतात. घरात काहीही नाव असो, व्यवसायात माहेरचंच ठेवायचं. सासूबाईंनी मनावर घेतलं नाही, म्हणजे झालं!

चोर सोडून संन्याशाला

वकिलांकडे वळूया. कायद्याची पदवी घेऊन राज्याच्या बार कौन्सिलकडे नाव नोंदवलं, की ‘सनद’ मिळते. 1961 च्या ॲडव्होकेट्स ॲक्टनुसार प्रत्येक राज्याची कौन्सिल वकिलांची यादी ठेवते. महाराष्ट्र आणि गोव्याची कौन्सिल एकच आहे. सनदेच्या क्रमांकात राज्याचं संक्षिप्त नाव, आकडा आणि वर्ष, तिन्ही असतं. वकीलपत्रावर हा क्रमांक लिहितात. अशिलाने तो वाचल्याचं मात्र कधी ऐकिवात नाही.

क्रमांक असला म्हणजे सगळं खरं, असंही नाही. केरळात आलप्पुळा इथे 2021 मध्ये एक प्रकरण उघडकीला आलं. एक तरुणी काळा कोट घालून कोर्टात उभी राहत होती, वकील संघटनेच्या निवडणुकीतही निवडून आली होती. मग एक निनावी पत्र आलं. तक्रारीनुसार, तिच्याकडे कायद्याची पदवीच नव्हती आणि तिने दिलेला सनदेचा क्रमांक होता दुसऱ्याच एका वकिलाचा! रोज ज्यांच्या शेजारी बसून ती चहा पीत होती, ती सगळी मंडळी कायद्याची जाणकार. तरी कुणी क्रमांकासमोरचं नाव उघडून पाहिलं नव्हतं. क्रमांक बघायचा तो नावाबरोबर, आणि नाव बघायचं ते क्रमांकाबरोबर.

चार्टर्ड अकाउंटंट मंडळी हिशेबात पक्की, त्यांनी यावर चांगला तोडगा काढला. सी.ए.च्या नावाने खोटी सही-शिक्का मारून दाखले फिरायला लागले, तेव्हा त्यांच्या संस्थेने प्रत्येक दाखल्याला स्वतंत्र 18 अंक-अक्षरांचा क्रमांक सक्तीचा केला. ‘यूडीआयएन’ म्हणतात त्याला. 2019 पासून तो टप्प्याटप्प्याने लागू झाला. पहिले दोन आकडे वर्षाचे, पुढचे सहा सी.ए.च्या सभासदत्वाचे, उरलेले दहा संगणकाने दिलेले. बँकेचा अधिकारीच काय, तुम्हीसुद्धा तो संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून दाखला खरा की खोटा हे पाहू शकता. म्हणजे एका नावाचे पन्नास सी.ए. असोत, दाखला कुणी दिला ते लपत नाही.

एवढा वेळ गोष्ट झाली फसवणाऱ्यांची. पण ज्यांनी काहीच केलेलं नाही, त्यांचं काय? एखाद्या डॉक्टरवर परिषदेने कारवाई केली, की वर्तमानपत्रात दोन ओळींची बातमी येते. ‘डॉ. अमुक पाटील निलंबित.’ क्रमांक नाही, कधीकधी गावही नाही. त्या नावाचे जेवढे डॉक्टर, तेवढ्यांच्या पेशंटांच्या मनात पाल चुकचुकते. बँका आणि मोठ्या कंपन्या नोकरी देण्याआधी उमेदवाराचं रेकॉर्ड तपासतात. कोर्टांच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने खटले शोधता येतात. नाव टाकलं, की त्या नावाचे सगळे खटले समोर येणार. चेक न वटल्याचा, मारामारीचा, भाडेकरूचा. त्यातला तुमचा कोणता आणि नावबंधूचा कोणता, हे पत्ता, वय आणि वडिलांचं नाव जुळवल्याशिवाय कळत नाही. तपासणाऱ्याने तेवढे कष्ट घेतले नाहीत, तर चोर सोडून संन्याशाला फाशी! अशा वेळी तोंडी खुलासे देत बसू नये. ‘कोणत्या खटल्याच्या आधारे म्हणता, त्याचा क्रमांक लेखी द्या,’ असं मागावं. आकडा हातात आला, की तो खटला आपला नाही हे दाखवणं सोपं.

प्राध्यापकांची अडचण थोडी शांत जातीची, पण बढतीला अडते. शोधनिबंधावर नाव छापतात ते आद्याक्षरांचं. ‘एस. एस. पाटील’ या नावाचे संशोधक महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत कमी का असतील? एकाने रसायनशास्त्रात लिहायचं आणि दुसऱ्याच्या खात्यात जमा व्हायचं! यासाठी 2012 पासून ‘ऑर्किड’ नावाचा 16 आकडी क्रमांक जगभर मिळतो, तोही फुकट. पुढे लग्न झालं, नाव बदललं, देश बदलला, तरी निबंध त्याच क्रमांकाखाली राहतात. पीएच.डी. करणाऱ्या मुलींनी पहिला निबंध पाठवण्याआधीच तो घेऊन ठेवलेला बरा.

अमेरिकेतल्या नटमंडळींनी मात्र जुन्या काळीच सोपा नियम केला. त्यांच्या संघटनेत एका नावाचे दोन सभासद शक्यतो चालत नाहीत. मायकेल डग्लस या नावाचा एक होतकरू नट सभासद व्हायला गेला, तर नाव आधीच घेतलेलं! बिचाऱ्याने आडनावच बदललं आणि तो मायकेल कीटन झाला. बॅटमॅन म्हणून जगाने डोक्यावर घेतलं ते या दुसऱ्या नावाला. आपल्याकडे असा नियम निवडणुकीला तरी हवा होता, असं काहींना वाटतं. 2014 च्या लोकसभा निवडणुकीत रायगडमध्ये सुनील तटकरे 2,110 मतांनी हरले आणि त्यांच्याच नावाच्या अपक्ष उमेदवाराला त्याच्या चौपटीहून जास्त मतं पडली होती!

दहावीचा फॉर्म

या सगळ्या भानगडींचं मूळ बहुतेक वेळा एका साध्या कागदात असतं. दहावीचा फॉर्म. तिथे नाव जसं लिहिलं जातं, तसंच ते पुढे पदवीवर, सनदेवर आणि परवान्यावर चढत जातं. एक अक्षर चुकलं, तर पुढची तीस वर्षं ॲफिडेव्हिटं करत बसायचं. शाळेत फॉर्म घाईघाईने भरून टाकणाऱ्या आईवडिलांनी एवढं जरूर करावं. जन्मदाखला, आधार आणि फॉर्म शेजारी शेजारी ठेवून इंग्रजी स्पेलिंग एकेक अक्षर बोट ठेवून ताडून पाहावं. मधलं नाव आद्याक्षरात नको, पूर्ण लिहावं. पाटील, शिंदे, जाधव, कुलकर्णी अशी वारंवार येणारी आडनावं असतील, त्यांनी तर मधल्या नावाला सोन्यासारखं जपावं.

महाराष्ट्रात यात आता एक नवी भर पडली आहे. मार्च 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने निर्णय घेतला, की 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर आईचं नाव लावायचं. आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. निर्णय घेतला गेला तो आईला मान मिळावा म्हणून. पण त्यातून आणखी एक गोष्ट आपोआप साधली. आजोबा विनायक गणेश आणि नातू विनायक गणेश यांच्या नावांत पहिल्यांदाच फरक पडणार, कारण नातवाच्या नावात मध्येच त्याची आई येऊन बसणार.

ही मुलं आता कुठे पाळण्यातून उतरून घरभर पळू लागली आहेत. दहावीच्या फॉर्मवर ती आपलं चार शब्दांचं नाव लिहितील, तेव्हा 2040 साल उजाडलेलं असेल. त्या फॉर्मवर नावासाठी चौकोन किती ठेवायचे, याचा विचार बोर्डाने आतापासून केलेला बरा!